गडग्यावरचं सूप

"काल सूनबाईनं सूप केलं," गडग्यावर कोपर टेकून माईंनी सुरुवात केली. हातात निवडायची कोथिंबीर होतीच. "झाकण काढून बघते तर दुधी, कोबी, फ्लॉवर सगळे वर आणि गाजर-बटाटा तळाला. म्हटलं, कच्चं राहिलंय गं. तर म्हणते, नाही हो आई, हवा आहे त्यात!"

"मग बरोबरच आहे की."

"तूही तिच्याच बाजूची!"

माईंशी वाद घालायचा तर पुरावा हाताशी हवा. भाजीची टोपली आणि पाण्याची बादली गडग्याजवळ आणली. बटाटा टाकला, डुबुक. गाजर, बीट, तीच गत. वांगं मात्र बोटानं दाबलं तरी टुणकन वर. मग त्याची फोड पाण्याखाली धरून दाबली, तर पांढऱ्या गरातून बारीक बुडबुड्यांची माळच निघाली.

"बघा माई. वांगी चिरून पाण्यात टाकली की वर येऊन काळी पडू नयेत म्हणून आपण ताटली ठेवतो ना, ते ह्याच्यासाठी. गर नुसता स्पंज. काप तळताना तेल पितात तेही त्यामुळेच. बटाटा भरीव, पिठाळ, पाण्याहून जड."

"म्हणजे मातीतलं बुडतं, वरचं तरंगतं."

ठोकताळा वाईट नाही, पण कांदा टाकला तर तो तरंगला. पापुद्र्यांच्या फटीत हवा धरून बसतो लबाड. मटार वेलीवरचे, पण ताजे असले की बहुतेक तळ गाठतात.

"मग शिजलं कळायचं कसं?"

"शिजताना फोड मऊ पडते, हवा निघून जाते, जागी पाणी शिरतं. वरची फोड हळूहळू खाली बसते. पण रटरट उकळी असताना वाफेचे बुडबुडेच फोडी उचलून धरतात, तेव्हा गॅस बंद करून बघायचं. आणि खात्री हवी तर सुरीच टोचायची. तरंगणाऱ्या फोडींचं डोकं पाण्याबाहेर राहतं, म्हणून झाकण हवंच. गाजर-बटाटा आधी टाकायचा, दुधी-फ्लॉवर मागून."

माई गप्प. कोथिंबिरीची दोन देठं मोडून झाली, मग एकदम हसल्या.

"अगं, लहानपणी आमच्या पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलायचे, पोहायला शिकवायला. आत पोकळ, नुसती हवा. त्याच्या जिवावर तर मी तरले!"

"मग? सूनबाई काय वेगळं सांगत होती?"

"ते राहू दे," माईंनी कोथिंबीर झटकली. "मीठ कमीच होतं हो सुपात."