विरजण

आमच्या आईला 'तुआस' म्हणता येत नाही. पलूसच्या शेजारणींना ती सांगते, "थोरला सिंगापुरात त्रासमध्ये असतो." पंधरा वर्षं मी तिची चूक दुरुस्त करत होतो. गेल्या वर्षी सोडून दिलं.

तुआस म्हणजे बेटाचं पश्चिम टोक. मेट्रोच्या हिरव्या लाइनवरचं तुआस लिंक हे शेवटचं स्टेशन. गाडी 2017 पासून इथवर येते. त्याच्या पुढे समुद्रात भर घालून केलेली जमीन, जहाजांच्या गोद्या आणि ड्रायव्हर नसलेल्या गाड्या कंटेनर वाहतात ते नवं बंदर. या पसाऱ्यात पंपांचे सुटे भाग करणारा आमचा एक कारखाना आहे, आणि त्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख मी.

तर विभागात एक इन्स्पेक्शन इंजिनिअर हवा होता. त्याच सुमारास कंपनीने आम्हाला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथून बाकीचे पिशव्या आणि पेनं घेऊन आले, मी 'कल्चर फिट' हा शब्द घेऊन आलो. कौशल्य शिकवता येतं, स्वभाव शिकवता येत नाही, माणूस आपल्या संस्कृतीत बसणारा हवा, वगैरे. घरी येऊन बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "कल्चर म्हणजे विरजण ना?" मी तिला हसलो.

मुलाखतीला शेवटी दोघे उरले. पहिले पन्नाशीचे मलय गृहस्थ, इथलेच, अनुभव दांडगा. मी दोन विनोद केले, ते हसले नाहीत. शॉप फ्लोअरवर फिरवलं, तर टेबलावरचा, भोकाचं माप घ्यायचा बोअर गेज उचलून म्हणाले, "याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?" अजून नोकरी लागायची होती आणि गृहस्थ आमची हत्यारं तपासत होते! शेरा लिहिला : संघभावना कमी.

दुसरा आत आला आणि म्हणाला, "नमस्कार दादा." कुंडलचा! आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात! पुढचा पाऊण तास कृष्णाकाठची वांगी, भडंगात लसूण किती, उसाचा दर आणि आमच्या शाळेचे गणिताचे मास्तर यांवर गेला. शेवटी आठवण झाली म्हणून विचारलं, "गेज हाताळलेत ना?" तो म्हणाला, "हाताळलेत की." आणखी काय हवं?

एचआरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "त्या गृहस्थांना परवाना लागत नाही, सोमवारी येतील. याच्यासाठी अर्ज करावा लागेल." सप्टेंबर 2023 पासून इथे परदेशी माणसाच्या एम्प्लॉयमेंट पाससाठी गुणपत्रिका असते, पास व्हायला 40 गुण. याला पगाराचे 10, पदवीचे 10 मिळाले. मग कंपनीतल्या वरच्या नोकऱ्यांत उमेदवाराच्या देशाचे किती जण आहेत ते बघतात. पाव भाग किंवा जास्त असतील तर भोपळा. आम्हाला भोपळा मिळाला. मी म्हणालो, "पण सांगली जिल्ह्यातला मी एकटाच आहे!" बाई म्हणाल्या, तक्त्यात जिल्ह्याचा रकाना नाही. स्थानिक माणसं भरपूर ठेवल्याचे 20 मिळाले म्हणून गडी काठावर सुटला. म्हणजे ज्या स्थानिकांना डावलून मी याला घेत होतो, त्यांच्याच गुणांवर. आणि 'आपल्यातला' हा शब्द कागदावर कुठे लिहू नका, असंही बाईंनी बजावलं. राष्ट्रीयत्व, वंश, भाषा यांवरून भेदभाव नको म्हणून जानेवारी 2025 मध्ये संसदेने कायदा मंजूर केलाय. मी 'कल्चर फिट' लिहिलं.

पहिले तीन महिने स्वर्ग होता. मी म्हणायचो माप बरोबर, तो म्हणायचा एकदम बरोबर. तो म्हणायचा दादा चहा, मी म्हणायचो चहा. विभागात कसला वाद म्हणून नाही.

मग 120 स्लीव्हचा लॉट परत आला. 40 मिलिमीटरचं भोक, एच 7, म्हणजे फक्त 25 मायक्रॉनची सूट. आमचा गेजच 30 मायक्रॉन खोटं बोलत होता. त्यावरच्या कॅलिब्रेशनच्या चिठ्ठीची तारीख मुलाखतीच्याही आधी उलटून गेली होती. दोघांनी रोज तोच गेज वापरला आणि रोज एकमेकांना दुजोरा दिला. रिजेक्शन नोटच्या तळाशी एक ओळ होती : 'बोअर गेज तपासावा, ही विनंती.' सही ओळखीची वाटली. मुलाखतीच्या अर्जावर पाहिली होती. गृहस्थ आमच्याच गिऱ्हाइकाकडे माल तपासायला बसले होते.

मी मेकॅनिकलचा पदवीधर. शाफ्ट आणि बेअरिंगमध्ये मायक्रॉनभर का होईना फट ठेवावी लागते, नाहीतर शाफ्ट फिरतच नाही, हे पोरांना तोंडपाठ म्हणून दाखवणारा. आणि माणसं निवडताना मी हातोड्याने ठोकून बसवायचं फिट शोधत होतो.

आजोबा किर्लोस्करवाडीला मोल्डर होते. 1910 साली औंध संस्थानातल्या त्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. तेव्हा हाताशी धरलेल्या माणसांत शाळेत नापास झालेले होते, शाळा अर्ध्यावर सोडून इंजिनिअर झालेले होते, आणि पहाऱ्याला चक्क तुरुंग भोगून आलेले दोघे. हे आजोबा आम्हाला जेवताना सांगायचे. त्या सगळ्यांना मी भडंगाचे प्रश्न विचारले असते, तर कारखाना उभाच राहिला नसता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दह्यात दह्याचंच विरजण घालून काय होणार? दूध नको का?" या वेळी मी हसलो नाही.

गाववाल्याला विक्री विभागात हलवलंय. तिथे गिऱ्हाइकांशी पाऊण पाऊण तास बोलायचंच असतं, तो खूश आहे. माझ्याकडची जागा रिकामी आहे. परवान्याचा माणूस घ्यायचा तर सरकारी पोर्टलवर निदान 14 दिवस जाहिरात ठेवावी लागते, आज नववा दिवस. तुमच्या ओळखीत कोणी चिकट, कमी बोलणारा, दुसऱ्याची हत्यारं उचलून बघणारा माणूस असेल तर कळवा. वांगं खात नसला तरी चालेल.