मधलेपनाची व मधसेवनाची सनदशीर पद्धती

मधाचे गुण गाणारे लोक उदंड आहेत. परंतु मधाची बाटली घरात प्रवेश करते तेथपासून तो मध घशाला, गालाला अथवा ओठाला लागेपर्यंतच्या ज्या मधल्या अवस्था, की ज्यांतच बहुतेक बाटल्यांचे आयुष्य सरते, त्यांचा साद्यंत विचार करून कोणी रीतसर नियमावली घालून दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ती उणीव दूर करण्याच्या हेतूने पुढील सूचना गृहस्थाश्रमी वाचकांच्या सेवेस रुजू करीत आहोत.

प्रथम मध मिळवावा. महाबळेश्वरास गेलेल्या मनुष्याने चणे, जाम आणि मध या तीन वस्तूंवाचून घाट उतरू नये असा अलिखित दंडक आहेच. शिवाय तेथून जवळच असलेले मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाल्यापासून त्या दंडकाला सरकारी शिक्कामोर्तबही मिळाले आहे. तिकडे सातेरी माशीच्या पेट्या ठेवतात, चौकटी यंत्रात फिरवून पोळे न मोडता मध काढतात, आणि हंगामाप्रमाणे त्याला जांभळाची, हिरड्याची किंवा सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या कारवीची चव येते. ज्यांना घाट चढवत नाही त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला घमेले घेऊन बसणारा विक्रेता असतो. त्याच्या घमेल्यात वर आग्या माशीच्या पोळ्याचा तुकडा ठळकपणे तरंगत ठेवलेला असतो व त्या तुकड्याखाली काय आहे हे विचारणे शिष्टाचारास सोडून समजले जाते. परंतु सर्वांत प्रतिष्ठित मध तो, जो नात्यातल्या कोणीतरी “खात्रीचा आहे हो, समोर काढलेला” असे म्हणून जुन्या सरबताच्या बाटलीतून आणून दिलेला असतो. खात्री कोणाची व समोर कोणाच्या, याचा खुलासा मागू नये.

बाटली आली की तिची चौकशी सुरू करावी. पहिला जबाब पाण्याच्या पेल्यात घ्यावा. सोडलेला थेंब अभंग तळाशी गेला तर मध अस्सल, असे मानण्याचा प्रघात आहे. गुळाचा घट्ट पाकही तितक्याच निष्ठेने तळ गाठतो ही गोष्ट त्या वेळी कोणी बोलून दाखवू नये, कारण त्याने चौकशी करणाऱ्याचा हिरमोड होतो. दुसरा जबाब अग्नीसमक्ष घ्यावा. कापसाची वात मधात भिजवून तिला काडी लावली असता ती तडतडली तर मधात पाणी घातले असे ठरते, आणि न तडतडता जळली तर पाण्याऐवजी पाक घातला असावा या संशयाला जागा राहते, म्हणजे कोणत्याही निकालाने विक्रेता निर्दोष सुटत नाही. उलट पोळ्यातली घरे मेणाने बंद होण्यापूर्वीच काढलेला, ओलावा अधिक असलेला खराखुरा मधही या दिव्यात नापास होऊ शकतो. तिसरा साक्षीदार कुत्रा. शुद्ध मधाला कुत्रा तोंड लावत नाही या समजुतीस अनुसरून आळीतला एखादा कुत्रा पाचारण करून त्याच्यापुढे मध लावलेला पोळीचा तुकडा टाकावा. त्याने हुंगून मान फिरवली तर मध शुद्ध. खाल्ला तर मध नकली, किंवा कुत्रा सकाळपासून उपाशी. वास्तविक तांदळाच्या वा मक्याच्या पाकाची हल्लीची भेसळ साध्या रासायनिक चाचण्यांनाही चकवते व तिच्या शोधार्थ प्रयोगशाळांना मोठमोठी चुंबकीय यंत्रे राबवावी लागतात. परंतु ती यंत्रे ओट्यावर मावत नसल्याने कुत्र्यावर भिस्त ठेवणे प्राप्त आहे. या तपासात पाव बाटली खर्ची पडते. ती नुकसानीच्या खाती न टाकता तपासखर्चाच्या रकान्यात मांडावी.

चौकशीतून निर्दोष सुटलेली बाटली थंडीच्या दिवसांत पुन्हा आरोपी होते, कारण तिच्या तळाशी पांढरा रवा धरू लागतो आणि घरातले सर्वांत वडील माणूस ती उजेडात धरून “निघाली ना साखर!” असा निर्णय देते. मधातली द्राक्षशर्करा थंडीने स्फटिकरूप होते, हा मधाचा स्वभाव आहे, गुन्हा नव्हे. कित्येकदा पाक घातलेली बाटलीच वर्षभर निर्मळ व पातळ राहून सज्जन म्हणून मिरवते. रवा धरलेली बाटली कोमट पाण्यात उभी करावी. विस्तवावर चढवू नये.

विस्तवाचा विषय निघालाच आहे तर मेदनाशाकडे वळू. पहाटे उठून वाफाळत्या पाण्यात लिंबू पिळून त्यात चमचाभर मध ढवळणारे आणि ते पेय आयुर्वेदाच्या नावाने पिणारे गृहस्थ प्रत्येक इमारतीत निदान एक तरी असतात. आता चरकसंहितेने उष्ण केलेला मध स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवला आहे, व तूप आणि मध समप्रमाणात घेण्यासही मनाई केली आहे. म्हणजे हे गृहस्थ रोज सकाळी आयुर्वेदावरील श्रद्धेपोटीच आयुर्वेदाचा हुकूम मोडत असतात. पाणी बोट बुडवता येईल इतके निवू द्यावे, म्हणजे श्रद्धा आणि जीभ दोन्ही भाजत नाहीत. मोठ्या चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात, साखरेच्या तेवढ्याच चमच्याहून किंचित अधिकच, ही बाब मनात ठेवून नंतरच्या कांदेपोह्यांचा हिशेब करावा. महिनाभराने वजन उतरले नाही तर मध शुद्ध नव्हता अशी नोंद करून वर सांगितलेली चौकशी नव्याने सुरू करावी. मधुमेही मंडळींनी “ही नैसर्गिक साखर आहे” हा युक्तिवाद तपासनिसापुढे करून पाहण्यास हरकत नाही. रक्त तो ऐकत नाही.

सौंदर्यार्थ लेपन करावयाचे तर बेसन, चिमूटभर हळद, थोडी साय व मध यांचे मिश्रण चेहऱ्यावर सारखे थापून पंधरा मिनिटे निश्चल बसावे. मध पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कोरडी त्वचा मऊ होते, एवढे तथ्य यात निश्चित आहे, आणि हिवाळ्यात फुटलेल्या ओठांना रात्री लावलेला मध खरोखर मानवतो, फक्त झोप लागेपर्यंत तो चाटून न टाकण्याइतका इंद्रियनिग्रह हवा. खरी अडचण ती पंधरा मिनिटे निवडण्याची. लेप ओला असता दाराची कडी वाजते. दाराशी गॅसवाला, वर्गणीवाला किंवा लग्नाची पत्रिका घेऊन आलेले दूरचे व्याही उभे असतात. हसावे तर गालावरच्या बेसनाला भेगा पडतात, न हसावे तर “लग्न पसंत दिसत नाही” असा अर्थ निघतो. अशा वेळी दाराआडून केवळ उजवा हात बाहेर काढून पत्रिका स्वीकारावी. मध लागल्याने केस पांढरे होतात अशी धास्ती घेऊन भुवयांना तेलाचे कुंपण घालण्याची चाल आहे. पातळ झालेल्या मधात हायड्रोजन पेरॉक्साइड किंचित तयार होते हे खरे. पण तेवढ्याने केस पिकते तर कोपरापर्यंत मधात हात घालणाऱ्या मधपाळांच्या हातावर एक काळी लव उरली नसती.

त्याच गुणामुळे, आणि मधातली आम्लता व पाण्याचा तुटवडा यांमुळे, जंतूंना तो घर म्हणून सोयीचा पडत नाही. रुग्णालयांत जखमांवर निर्जंतुक केलेला मध वापरतात तो याच कारणाने. मात्र कुत्र्याने तपासलेला मध जखमेवर लावू नये. रात्रीच्या खोकल्यावर चमचाभर मध नुसता किंवा सितोपलादि चूर्णातून चाटावा. त्याने घसा निवतो.

येथे थट्टा क्षणभर तहकूब. नवजात बालकास सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवण्याची हौस कितीही जुनी असली तरी वर्ष पुरे होईपर्यंत बाळाच्या जिभेस मध लावू नये; मधात क्वचित ज्या सूक्ष्म जंतूंची बीजे असतात ती मोठ्यांना पचतात, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून बॉट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार करतात. आजेसासूबाई रागावल्या तर अंगठी कोरडीच दाखवावी.

राहिली साठवण. झाकण चिकटून बसते, म्हणून बाटलीचे तोंड प्रत्येक वेळी पुसावे. मुंग्या येतात, म्हणून ती पाण्याच्या बशीत ठेवावी. आणि चमचा कोरडाच घालावा, नाही तर ओलाव्याने मध आंबतो. बाटलीवर चिठ्ठी डकवून आणल्याची तारीख लिहावी, व लिहिणाऱ्याने वर्षही लिहावे, कारण नुसते ‘१२ मार्च’ लिहिलेल्या बाटलीवरून सासू-सुनेत जो दावा उभा राहतो त्याची सुनावणी करणारी कचेरी अद्याप कोणत्याही सरकारने उघडलेली नाही.