हाडवैऱ्यांचा हिशेब

सोलापुरी चादर ऑनलाइन खपवायची तर आधी गूगलच्या ‘सर्च’मधल्या जाहिरातीच्या जागेसाठी बोली लावा. बाजार समितीत कांद्याची बोली निदान चारचौघांत पुकारतात. इथं समोरच्यानं किती लावले, पत्ताच नाही. क्लिकचे पैसे मात्र चोख वसूल.

जून २००८ मध्ये गूगलनं याहूच्या पानांवर आपल्या जाहिराती लावायचं ठरवलं. म्हणे ‘सर्च’मधले हाडवैरी! जाहिरातदार ओरडले, अमेरिकेचं न्याय खातं खटल्याला सरसावलं, नोव्हेंबरात करार बारगळला. याहूनं हाय खाल्ली नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टशी १० वर्षांचा पाट लावला.

पुढं २०२२ मध्ये सफारी ब्राउझरमधल्या ‘डीफॉल्ट सर्च’च्या मानाच्या जागेसाठी गूगलनं अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर मोजले. ते आले कुठून, हे सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या चादरवाल्यानं आपल्या जाहिरातीच्या बिलात शोधावं.