मुंबईचे पाय, ऑरोव्हिलची माती

पहिल्या मॅरेथॉनचे पाय पुरते निवायच्या आत, कोणाची सक्ती नसताना, निव्वळ हौसेने दुसरी धावणे हा प्रकार वाटतो तितका नवा नाही. 1896 साली अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा ग्रीक पाणक्या स्पिरिडॉन लुईस त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच निवड-शर्यतीत तेवढेच अंतर धावला होता आणि पाचवा आला होता. दुसऱ्या खेपेस तो वाटेत थांबून पेलाभर वाइन प्याला, असे सांगतात. त्या खेपेस तो पहिला आला. त्यानंतर तो पुन्हा कधीही शर्यतीत उतरला नाही. त्याचा हा शेवटचा गुण मात्र पुढच्या पिढ्यांनी उचललेला दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या हौशी धावपटूला या उद्योगासाठी एक जोडी सोयीची पडते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि साधारणतः फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी तमिळनाडूत ऑरोव्हिलची. कॅलेंडर कसे पडेल त्याप्रमाणे दोहोंत 21 किंवा 28 दिवस मिळतात. न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर यांनी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मॅरेथॉनचे रौप्यपदक मिळवले होते. त्यांच्या नावावर एक आडाखा चालतो: शर्यत जितक्या मैलांची, तितके दिवस पुन्हा शर्यत नाही. मॅरेथॉन सव्वीस मैलांची. म्हणजे काही वर्षी धावपटू पाच दिवस आधीच उभा राहतो, तर काही वर्षी त्याला दोन दिवस फुकटचे मिळतात. प्रत्यक्षात हा हिशेब कोणी करत नाही. हिशेब होतो तो उरलेल्या रजांचा.

मुंबईची मॅरेथॉन म्हणजे परीक्षा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटेच्या अंधारात सुटायचे, वांद्रे-वरळी सागरी सेतू ओलांडायचा आणि परतताना, पायांतले सगळे संपले असताना, हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ चढायचा. या चढावर दुतर्फा उभी असलेली मंडळी संत्र्याच्या फोडी, मीठ आणि ‘थोडंच राहिलं!’ हे धादांत असत्य मुक्तहस्ताने वाटत असतात. शेवटी गळ्यात मेडल पडते आणि मनगटावर एक वेळ उरते. ही वेळ पुढचे वर्षभर न विचारता सांगितली जाते.

दुसऱ्या दिवशी खरा त्रास चढण्याचा नसतो, उतरण्याचा असतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि लांब पल्ल्यात सूक्ष्म इजा झालेल्या तंतूंना नेमके हेच सोसत नाही. म्हणून मॅरेथॉननंतरच्या सोमवारी दादरच्या पुलावर कठडा धरून उलट्या पावलांनी जिना उतरणारी धडधाकट माणसे दिसतात. मागून येणारी गर्दी त्यांना आधी वाट देते, मग सल्ला देते. स्नायूंमधला साखरेचा साठा नीट जेवल्यास दोन-तीन दिवसांत भरून येतो. तंतूंची डागडुजी मात्र त्याहून बरीच जास्त चालते. या दोन वेगांतल्या तफावतीमुळे गुरुवारच्या सुमारास माणसाला आपण पूर्ण बरे झालो असे वाटू लागते. दुसऱ्या मॅरेथॉनचा विचार याच सुमारास जोर धरतो. घरातून ‘अहो, पण आता कशाला?’ एवढाच प्रश्न येतो. त्याला ‘ही मजेसाठी आहे’ असे उत्तर द्यायची पद्धत आहे. त्यावर ‘मग पहिली कशासाठी होती?’ असा उपप्रश्न येतो; त्याला उत्तर नाही.

मधल्या आठवड्यांतला सराव थोडक्यात आटोपतो. पहिला आठवडा चालणे, दुसऱ्यात थोडे हलके धावणे, मग पुन्हा विश्रांती. इतक्या दिवसांत नवी ताकद कमावता येत नाही, असलेली गमावता मात्र येते. भूक तेवढी पूर्ण सरावाची राहते.

प्रवासाला दादरहून ऑरोव्हिलजवळच्या पुदुच्चेरीची थेट गाडी आहे. चेन्नईपर्यंत विमानाने जाऊन पुढे ईस्ट कोस्ट रोडने दीडेकशे किलोमीटर जाणे हा वेळ वाचवणारा मार्ग. पण दोन मॅरेथॉनमध्ये एवढे तास आडवे पडून राहण्याची वैध सबब आगगाडीखेरीज कोणी देत नाही. शर्यतीआधी भात, बटाटे असे पिष्टमय पदार्थ जास्त खावेत असा नियम आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत तो आपोआप पाळला जातो. इडली आली की नियम म्हणून, वडा आला की नियमाला जोड म्हणून, आणि लिंबूभात आला की पुढे मिळेल न मिळेल म्हणून.

पुदुच्चेरीत उतरल्यावर हौशी धावपटूच्या हातून एक ठरावीक चूक होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी पायांना विश्रांती द्यायची असते. पण पिवळ्या भिंतींच्या फ्रेंच वस्तीतल्या गल्ल्या, बेकऱ्या आणि संध्याकाळी वाहनांना बंद होणारा समुद्रकाठचा रस्ता ही सगळी पायी बघण्याची ठिकाणे आहेत. उद्याच्या अंतराचा बराचसा हप्ता आजच भरला जातो.

ऑरोव्हिल तिथून दहाएक किलोमीटरवर आहे. 28 फेब्रुवारी 1968 रोजी या वसाहतीची स्थापना झाली तेव्हा तिथे धूप झालेले, उजाड, तांबडे माळरान होते. आजचे जंगल माणसांनी लावून वाढवलेले आहे. मॅरेथॉन त्याच जंगलातल्या मातीच्या वाटांवरून जाते. डांबरावर पोसलेल्या मुंबईकर पायांना इथे नवा विषय भेटतो: मुळे. पहाटेच्या अंधारात ती वाटेवर आडवी पसरलेली असतात, आणि वेग धरून देणाऱ्या पेसरच्या झेंड्याकडे बघत धावायची सवय लागलेली नजर कधी नव्हे ती जमिनीकडे वळते. माती पायांना मऊ लागते. मोजे मात्र कायमचे तांबडे होतात. प्रोत्साहनाला पेडर रोडची गर्दी नसते. मोर ओरडतात, पण त्यांच्या सुरात थोडेच राहिल्याची हमी नसते. सूर्य वर आला की किनाऱ्याची दमट हवा हिशेब मागू लागते आणि शेवटच्या दहा किलोमीटरांत मजा हा शब्द काही काळ वापरातून जातो.

या मॅरेथॉनचे वैशिष्ट्य असे की ती स्पर्धा नाही. धावण्याचा आनंद हाच तिचा जाहीर हेतू. क्रमांकांना बक्षिसे नाहीत. मुंबईच्या धावपटूला ही कल्पना तत्काळ पटते. आपण घड्याळ बघणार नाही, असे तो तीन-चार जणांना सांगतो, सुटताना ते चालू करतो, सातव्या किलोमीटरला सवयीने बघतो आणि अखेरची रेषा ओलांडताच सेकंदाचाही उशीर न करता बंद करतो. ‘किती लागला वेळ?’ या प्रश्नाला ‘बघितलंच नाही’ हे उत्तर मुंबईपेक्षा वेळ जास्त लागला असेल तर मिळते. कमी लागला असेल तर मिनिटे आणि सेकंद दोन्ही कळतात.

परतीच्या गाडीत जागेचा प्रश्न उरतो. खालच्या बर्थसाठी रेल्वे साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया यांना प्राधान्य देते. कोण किती किलोमीटर धावून आले याची आरक्षणाच्या अर्जात नोंद नसते. त्यामुळे तिशीतले धावपटू हॅण्डल धरून, तोंडाने निरनिराळे आवाज काढत वरच्या बर्थवर चढतात. शर्यतीत त्यांच्या तासभर आधी पोचलेले काका खाली पाय पसरून दहीभात खात असतात, आणि पुण्यातल्या पुढच्या शर्यतीची नोंदणी कधी सुरू होते याची चौकशी करतात.