ताटाचं ऑडिट

मराठी घरं पूर्वी बांधावरून भांडायची. २०१८च्या सुमारास ती जेवणाच्या वेळांवरून भांडू लागली. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं असं, की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकरांचं सांगणं असं, की थोडं थोडं पण वरचेवर खा, घरचं खा, आणि तुपाला घाबरू नका. मग सासरे दीक्षितपंथी, सून दिवेकरपंथी, आणि मधल्या मधे मुलगा दोन्ही पंथांचं पुण्य जोडायला दोन्हीकडे जेवणारा, अशी घरांची वाटणी झाली. दोघांत बरोबर कोण, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. त्याने नातेवाईक कमी होतात, वजन नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खाण्यावर चोवीस तास पहारा ठेवायला जे मन कामाला लागतं, त्याचा पगार कोणत्याही डाएटच्या हिशेबात धरलेला नसतो. तो धरला, तर पुष्कळ डाएटं तोट्यात जातील.

याचा जुना आणि भक्कम पुरावा अमेरिकेतला आहे. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ही मुलं सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लष्करी सेवा नाकारणारी होती, आणि मनाने खंबीर आहेत ना, हे पारखूनच घेतलेली. म्हणजे चिवड्याचा डबा दिसला की विरघळणाऱ्यांपैकी नव्हेत. तरी काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय राहिला नाही. ती पाककृतींची पुस्तकं कादंबरीसारखी वाचू लागली, ताटं चाटू लागली, घासभर जेवण तासभर पुरवू लागली. चिडचिड वाढली, उदासी आली, मित्रमंडळी नकोशी झाली. जगाच्या शांततेसाठी पुढे आलेली माणसं बटाट्याच्या फोडीवरून एकमेकांवर डाफरू लागली. भुकेने आधी मांडी बारीक होते की स्वभाव, याचं उत्तर तिथे मिळालं.

यावर कोणी म्हणेल, ती उपासमार होती हो, आमचं ते डाएट. फरक आहे, मान्य. त्या मुलांना आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावत, आणि आपण पार्किंग जवळ मिळेपर्यंत चार फेऱ्या मारतो, त्याही गाडीतून. पण त्यांना रोज सुमारे १,५७० कॅलरी मिळत होत्या. आजची कितीतरी मोबाइल अ‍ॅपं याच्याही खालचा आकडा हसतमुखाने सुचवतात. शिवाय पोट रिकामं असावंच लागतं असंही नाही, पहारा पुरतो. १९७५मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइसक्रीम चाखायला दिलं. एरवी खाण्याची चिंता न करणाऱ्यांनी, पोट भरल्यामुळे, आइसक्रीम कमी खाल्लं. सतत हात आखडून खाणाऱ्यांनी मात्र उलट जास्त हाणलं, कारण नियम मोडलाच आहे तर आता कसली लाज! हे कळायला संशोधकांना मिल्कशेक पाजावा लागला. आपण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हा निष्कर्ष साबुदाण्याच्या खिचडीवर, खर्चाशिवाय, कधीच काढून ठेवला होता.

आता खरा आक्षेप. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. अशा वेळी ‘मनाला येईल ते खा’ असं सांगणं हा शुद्ध आगाऊपणा. खरंय, आणि मी ते सांगतही नाही. मधुमेह्याला पथ्य हवंच आणि ते डॉक्टरांनी ठरवलेलं हवं. माझा आक्षेप पथ्याला नाही, पथ्याबरोबर फुकट मिळणाऱ्या अपराधीपणाला आहे. जास्त खाणं म्हणजे चारित्र्यातला दोष, असं आपण धरून चालतो. २०१९मध्ये केविन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी दोन्हीकडे सारखी, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकीटवाल्या पंधरवड्यात तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत कोणाचं चारित्र्य बदलत नाही. बदललं होतं ते ताट. आणि ताट बदलल्याने मनही सावरू शकतं. २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने नैराश्याच्या ६७ रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला. निम्म्यांना आहाराचं मार्गदर्शन मिळालं, निम्म्यांना गप्पा मारायला सोबत. आहारवाल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा नैराश्यातून बाहेर आला, सोबतवाल्यांपैकी आठ टक्के. प्रयोग लहान होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होतं, म्हणून लगेच औषधांच्या गोळ्या फेकून द्यायचं कारण नाही. पण त्या आहारात कॅलरी मोजायच्या नव्हत्या, वजन घटवायचंही नव्हतं. भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, मासे वाढवा, असा तो मुख्यतः ‘घ्या अजून’चा सल्ला होता. पंगतीत आग्रह करणाऱ्या काकूंना हे कळलं तर त्या शोधनिबंधाची प्रत वाढपाच्या पातेल्यात ठेवतील.

हा पहारा सर्वांत महाग पडतो तो पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना, आणि त्यांच्यावर पहारेकरी बहुतेक वेळा घरचेच नेमलेले असतात. मिनेसोटातच शाळकरी मुलांचा १५ वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास झाला. वजनावरून चिडवलेल्या मुलांमध्ये पुढे लठ्ठपणा आणि मन बिघडलं की खात सुटण्याची सवय जास्त आढळली. चिडवल्याने मुलं बारीक होतात, असं काही दिसलं नाही. तेव्हा येत्या लग्नसराईत भाची समोर आली, तर ‘काय गं, किती सुटलीस!’ एवढं म्हणू नका, आणि ‘किती छान बारीक झालीस!’ हेही नको. गप्प राहणं अगदीच अवघड जात असेल, तर ‘तुझं कधी?’ हे विचारा. त्याची उत्तरं पोरांनी केव्हाच पाठ करून ठेवली आहेत.