२५ लाखांचा ठिपका

शेठनी ध्रुवीय अस्वल पाहिलं. पुरावा आहे. त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोत वर राखाडी आभाळ, खाली पांढराफटक बर्फ आणि डाव्या कडेला तिळाएवढा पिवळट ठिपका आहे. तो ठिपका म्हणजे अस्वल. दोन बोटांनी मोठा केला की त्याचा चौकोन होतो, आणखी मोठा केला की तीन चौकोन होतात. वरचा चौकोन म्हणजे तोंड, असं शेठचं म्हणणं. शेठाणींच्या मते ती पाठची बाजू आहे. ओस्लो सोडल्यापासून कसारा घाट चढून सिन्नरला वळेपर्यंत या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं नाही.

ठिपका सध्या आमच्या संगमनेरात फार हिंडतोय. तीनबत्तीला चहावर दाखवून झाला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दाखवून झाला. परवा प्रवरेच्या घाटावर एका दशक्रियेलाही तो चार जणांच्या हातांतून फिरला. पिंड ठेवलेला होता, कावळा यायला तयार नव्हता, त्यामुळे वेळ होता.

शेठ तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या गल्लीतही एक असतीलच. युरोप झालेलं असतं, अमेरिका मुलाच्या कृपेनं दोनदा झालेली असते, दुबई-सिंगापूर आता कुणी मोजतही नाही. मग उरतो नकाशाचा वरचा काठ. स्वालबार्ड नावाची नॉर्वेची बेटं, ७८ अंश उत्तर, तिथून ध्रुव साधारण १,३०० किलोमीटर. १९२० च्या करारापासून या बेटांवर उतरायला कुणालाच व्हिसा लागत नाही. फक्त तिथं जायचं तर नॉर्वेतूनच जावं लागतं आणि नॉर्वेला व्हिसा लागतो, तोही दोनदा आत शिरता येईल असा. शेठना यात काही वावगं वाटलं नाही. आयुष्य कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेलेल्या माणसाला उलट घरच्यासारखं वाटलं. दोन माणसं, बाल्कनीची खोली, विमान धरून २५ लाख.

उत्तर ध्रुवाकडचा भाग जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापतोय, बर्फ हटतोय, म्हणून जहाजं आता पूर्वीपेक्षा पुढं जातात आणि 'वितळायच्या आत बघून घ्या' या बोलीवर तिकिटं खपतात. जहाजावर यावर रोज संध्याकाळी व्याख्यान असतं. शेठना फार हळहळ वाटली. व्याख्यानानंतर सात पदार्थांचं जेवण होतं.

पण आपला विषय ठिपका. तो ठिपकाच का राहिला? कायद्यामुळे. १ जानेवारी २०२५ पासून नॉर्वेनं तिथले नियम कडक केले. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. अस्वल त्याच्या आत आढळलं, तर माणसानं गपगुमान मागं सरायचं. शेठ गेले जूनमध्ये. म्हणजे त्यांचे सरळ २०० मीटर बुडाले. एजंटानं हे बुकिंगच्या वेळी सांगितलं नाही, ही त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही. जुलैत गेलो असतो तर निदान पाय मोजता आले असते, म्हणतात.

तर झालं असं. रात्री दोन वाजता खोलीतल्या स्पीकरवर कप्तानाचा आवाज आला, की अस्वल दिसलंय. दीडशे माणसं नाइट ड्रेसवर जाड कोट चढवून डेकवर धावली. रात्रीचे दोन आणि लख्ख उजेड, कारण एप्रिलच्या विशीत तिथं सूर्य एकदा वर राहिला की ऑगस्ट सरत येईपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. जहाज थांबलं. दुर्बिणी फिरल्या. अस्वल झोपलेलं होतं. पाऊण तास दीडशे माणसांनी श्वास रोखून एका झोपलेल्या ठिपक्याकडं बघितलं. मग ठिपक्यानं कूस बदलली. लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात गाइडनं हात वर केला. अस्वलाची झोप मोडेल.

किनाऱ्यावर उतरायचं तर आणखी थाट. आधी बुटांचे तळ धुवायचे, पिशव्यांचे कोपरे आणि कोटाचे पट्टे व्हॅक्यूमनं साफ करायचे, का तर परक्या मुलखातलं बी तिथं रुजायला नको. शेठच्या पायमोज्यात तीन कुसळं निघाली. वस्तीवरची. गाइडनं ती चिमट्यानं एकेक काढून, उजेडात धरून, पिशवीत बंद केली. (आमच्या शेतात काँग्रेस गवत कंबरेपर्यंत वाढलंय, त्याला अजून कुणी चिमटा लावलेला नाही.) मग पुढं एक रायफलवाला, मागं एक रायफलवाला, मधे बारा पर्यटक. रांग सोडायची नाही, मागं रेंगाळायचं नाही. डझनभर माणसांना दोन रायफली, दुर्बीण, वॉकीटॉकी आणि समुद्रात तयार उभी रबरी होडी. तिथल्या गावाच्या हद्दीवर अस्वलाचं चित्र असलेली तिकोनी पाटी आहे, आणि 'हा इशारा अख्ख्या स्वालबार्डला लागू' असं तिच्यावर लिहिलेलं आहे. पाटीखाली उभं राहून फोटो काढायला रांग लागते. त्या फोटोत अस्वल स्पष्ट आहे.

आमच्या बिबट्याला हा कायदा कुणी कळवलेला नाही.

तो ५०० मीटरवर थांबत नाही. तो गोठ्याच्या पत्र्यावर असतो, शाळेच्या वाटेवर उसाच्या कडेला असतो, सीसीटीव्हीत पडवीत येऊन चपला हुंगताना दिसतो. त्याचा फोटो मोठा करावा लागत नाही, मिशा मोजून घ्या. तालुक्यात कुठल्याही वस्तीवर जाऊन 'बिबट्या पाहिलाय का' असं विचारा, समोरचा 'आजचा का कालचा?' म्हणून विचारेल. त्याला पाहायला ना व्हिसा, ना कप्तान. बछडी बघायची असतील तर ऊसतोड सुरू होऊ द्या. पाचटात सापडतात, फडातलं कोयत्याचं काम थांबतं, पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. जगात दुसरीकडं याचे डॉलर मोजून घेतले असते. इथं टोळीचा तेवढा दिवस वाया जातो.

आता समजा, नॉर्वेचा नियम उद्यापासून संगमनेर तालुक्याला लागू केला. बिबट्यापासून ५०० मीटर, कमी असेल तर माणसानं मागं सरायचं. ठीक. साकूर पठारावरचा एक शेतकरी सकाळी उठला, बांधावर बिबट्या. तो ५०० मीटर उत्तरेला सरकला. तिथं दुसऱ्याची डाळिंबाची बाग, बागेत दुसरा बिबट्या. आता हे दोघं शेतकरी मिळून आणखी ५०० मीटर सरकले. असं करत करत प्रवरेच्या काठाला येईपर्यंत ही दिंडी झालेली असणार, आणि काठावर तर नुसता ऊस, म्हणजे तिथं थांबायची सोयच नाही. तळेगाव, निमोण करत मंडळी सिन्नरच्या हद्दीत शिरतात, तर समोरून सिन्नरवाले त्याच कारणानं दक्षिणेला सरकत आलेले. पश्चिमेला अकोले, तिकडून तर बिबट्यांची जुनी वहिवाट. दक्षिणेला जुन्नर, त्याचं नावही काढू नका. पूर्वेला राहुरीकडं वळावं तर पुन्हा ऊस. नियम काटेकोर पाळायचा म्हटला तर अख्खा तालुका गुराढोरांसह, पिठाच्या डब्यांसह, शाळेच्या हजेरीपटासह सरकत सरकत मुंबईच्या धक्क्याला लागणार, तिथून जहाजात बसणार, आणि बिबट्यापासून कायदेशीर अंतर राखून टेकायला जागा मिळणार ती थेट ७८ अंश उत्तरेला. तिथं उतरताना सगळ्यांच्या पायमोज्यांतली कुसळं चिमट्यानं काढावी लागतील. गाइडला दिवाळी उजाडेल.

शेठाणींची तिकडं निराळीच अडचण झाली. जहाजावर असताना संकष्टी आली. उपास चंद्र बघून सोडायचा. पण जूनमध्ये त्या अक्षांशावर पौर्णिमेनंतरचे काही दिवस चंद्र क्षितिजाच्या वर येतच नाही. सूर्य मावळत नाही आणि चंद्र उगवत नाही, असा पेच कुठल्याही व्रताच्या पोथीत सोडवलेला नसावा. शेठाणींनी तोडगा काढला, की संगमनेरचा चंद्र धरायचा. दिनदर्शिकेत वेळ छापलेली असते, पण त्यांना डोळ्यांनी बघितल्याची खात्री हवी. म्हणून जहाजावर पावणेसात वाजता, म्हणजे इकडं रात्री सव्वादहाला, त्यांनी वस्तीवर वाटेकऱ्याच्या बायकोला फोन लावला.

"अगं, बाहेर जाऊन बघ बरं, चंद्र दिसतोय का."

"बाई, बघितला असता, पण कुत्री ओरडत्यात. ते खळ्यात बसलंय. ते उठलं की बघते."

शेठाणी उपाशी थांबल्या. एक जनावर इकडं खळ्यातून उठायची वाट बघत दोन बायका, एक दाराच्या आत आणि एक समुद्रात. शेवटी त्या माउलीनं खिडकीच्या गजातून मान वाकडी करून, ढगातून काहीतरी उजळ दिसतंय, असं कळवलं आणि तिकडं मोदक नव्हते म्हणून चॉकलेट केकवर उपास सुटला. शेठ हा किस्सा हसून हसून सांगतात. ऐकणारेही हसतात. खळ्यात किती वेळ बसलं होतं, हे कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नसतं, पण तो मध्यरात्रीचा सूर्य डोक्यातून जाईना. तिथं रात्रभर उजेड आहे आणि रात्री काम कुणालाच नाही. आणि इथं? इथं शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस अकराला, बाराला घरातून निघतो, एका हातात बॅटरी, खांद्यावर फावडं. स्टार्टरच्या पेटीशी जातो, मोटार चालू करतो आणि चिखलात उभा राहून दारं धरतो. एक वाफा भरला की वाकून फावड्यानं बांध फोडायचा, दुसऱ्याला पाणी लावायचं. बिबट्या वाकलेल्या, बसलेल्या माणसावर झेप घेतो, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. म्हणून सूचना आल्या आहेत: वाकून काम करू नका. एकट्यानं जाऊ नका. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा. हातात घुंगराची काठी ठेवा. न वाकता दारं कशी धरायची, हे सूचनेत नाही. वर्षानुवर्षं एकच मागणं आहे, कुठलं मोठं मागणं नाही, की बाबांनो, लाईट दिवसा द्या. सौर, फीडर, योजना, टप्पा, नवी योजना, नवा टप्पा, दर निवडणुकीला दिवसाची लाईट उद्यावर येऊन ठेपलेली, आणि रात्री बाराला पुन्हा तोच माणूस त्याच चिखलात. पिंजरा मागावा तर तो दुसऱ्या गावाला गेलेला असतो. आला तर आतली शेळी तुमची. शिरूरकडं २०२५ मध्ये माणसं गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात जायला लागली. धनगर आपल्या कुत्र्याला घालतो तसला पट्टा, आणि तो बाईच्या गळ्यात! लोकांनी त्याचेही व्हिडिओ पुढं ढकलले, खाली हसणारी तोंडं टाकून.

बिबट्यावर माझा राग नाही. ऊस आपण लावला, आडोसा आपण दिला, तो राहायला आला. स्वालबार्डवर २०१८ मध्ये एका क्रूझच्या रक्षकावर अस्वल धावून आलं, सोबत्यांनी ते गोळी घालून मारलं, तर जगभर गहजब झाला, की माणसं तिथं गेलीच कशाला? रास्त सवाल आहे. इथं रात्री बाराला उसात माणूस गेलाच कशाला, हा सवाल मात्र त्या माणसालाच विचारला जातो.

माणूस गेला तर सरकार वारसांना २५ लाख देतं. १० लाखांचा धनादेश, उरलेल्याची ठेव. म्हणजे दोन माणसांनी ५०० मीटरवरून अस्वल बघण्याचा आणि एका माणसानं हातभर अंतरावरून बिबट्या बघण्याचा भाव आपल्याकडं नेमका एक आहे. शेठना हे मी बोलून दाखवलं. त्यांनी हिशेब तपासला आणि म्हणाले, व्हिसाचे वेगळे.

शेठ कंजूष नाहीत, हेही लिहायला हवं. जहाजावर प्रत्येकाला एक कोट भेट मिळतो, पार्का म्हणतात. जाडजूड, आत मऊ अस्तर, गळ्याशी हनुवटीपर्यंत चढणारी कॉलर. रंग भडक नारिंगी, बर्फात चुकलेला माणूस लांबून दिसावा म्हणून. संगमनेरात तो घालायचा कुठं? दोन दिवस कपाटात राहिला, मग शेठनी तो वाटेकऱ्याला देऊन टाकला. थंडीत रात्रीच्या पाण्याला होईल. वाटेकऱ्यानं तिथंच अंगात घालून बघितला, बाह्या चार बोटं लांब झाल्या, तरी खूश झाला. शेठनी त्याला मोबाइलमधला ठिपकाही दाखवला. त्यानं निरखून बघितलं आणि म्हणाला, "लई लांब उभं ऱ्हायलं, शेठ. गुणाचं दिसतंय."

या आठवड्यात आमच्या भागाला रात्रीची पाळी आहे. वाटेकरी नारिंगी कोट घालून दारं धरतो, आणि उसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही उभा असला तरी दिसतो. शेठ परवा वस्तीवर जाऊन आले. निघताना गाडीची काच खाली करून त्याला म्हणाले, "वाकताना कॉलर तेवढी उभी ठेवत जा रे."