आयरिश पुराणातले तारे : साहित्य आणि कृती

साहित्य : पावसाळी कोट, जाड मोजे, चहाचा थर्मास. ढग न्यावे लागत नाहीत, आयर्लंडमध्ये मुबलक मिळतात. अंधार अस्सल हवा असेल तर पश्चिमेला केरी किंवा मेयो गाठावे. तिथल्या अंधाराला रीतसर आंतरराष्ट्रीय मान्यता आहे.

कृती : प्रथम मान वर करून सप्तर्षी शोधावेत. तिथे ते कधी मावळतच नाहीत, त्यामुळे चुकायची भीती नाही. आयरिश लोक त्यांना नांगर म्हणतात. आता या नांगराची पुराणकथा आठवावी. आठवत नाही? बरोबर आहे. तशी जुनी कथा सापडतच नाही.

ग्रीकांचा झ्यूस ज्याला त्याला उचलून नक्षत्र करतो, आपल्याकडे ध्रुवबाळाला अढळपद मिळते. आयरिश वीर मात्र मेला की मेला. कुखुलिन स्वतःला दगडी खांबाला बांधून घेऊन उभ्या उभ्या मेला, पण त्याच्या वाट्याला एक तारा आला नाही. या कथा लिहून काढणारे मठवासी आकाशाकडे बघत नव्हते असेही नाही. ईस्टरची तारीख काढायला त्यांना चंद्र लागायचा, आणि ६६४ सालच्या सूर्यग्रहणाची नोंद आयरिश बखरींत आहे. ताऱ्यांच्या गोष्टी त्यांनी गाळल्या की मुळात नव्हत्याच, या वादात पडू नये; चहा गार होतो. नांगराची नाव घेण्याजोगी गोष्ट थेट १९१४ ची : आयरिश सिटिझन आर्मी या कामगारांच्या सेनेने तो आपल्या झेंड्यावर घेतला आणि १९१६ च्या उठावात डब्लिनच्या इम्पीरियल हॉटेलवर फडकवला. हॉटेलचा मालक म्हणजे तीनच वर्षांपूर्वी कामगारांवर टाळेबंदी लादणारा विल्यम मार्टिन मर्फी. पुराण नाही, पण जमले आहे झकास.

सूचना : बाजारात ‘केल्टिक राशी’ मिळतात. आपले झाड कोणते हे सांगून गळ्यात लोलक बांधतात. ही झाडांची पंचांगगिरी रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने १९४८ च्या पुस्तकात रचली. तसेच आरियनरोडचा किल्ला, डॉनचा दरबार अशी नक्षत्रांची नावे कोणी आयरिश म्हणून खपवली तर ती वेल्सची आहेत असे सांगून पुढे चालावे.

आता आकाशगंगा पाहावी. आयरिशमध्ये तिला पांढऱ्या गायीची वाट म्हणतात, आणि हीच पांढरी गाय बोअन या देवीच्या नावात बसली आहे. नेख्तानच्या विहिरीजवळ तो स्वतः आणि त्याचे तीन सेवक यांच्याशिवाय कोणी जायचे नाही असा दंडक होता. त्याची बायको बोअन गेली, वर उलट्या प्रदक्षिणा घातल्या. पाणी उसळले; तिचा एक डोळा, एक हात, एक मांडी घेऊन गेले. ती समुद्राकडे पळाली, पाणी मागे लागले, आणि ती जिथून पळाली तिथून बॉइन नदी वाहू लागली. आपल्या गंगेला स्वर्गातून उतरताना शंकराच्या जटा तरी मिळाल्या. इथे मध्ये कोणी नव्हते.

तेव्हा मान खाली करून नदीकाठच्या न्यूग्रेंजला यावे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा दगड-मातीचा ढिगारा, आत १९ मीटरची चिंचोळी वाट. दाराच्या वर एक खिडकीवजा फट आहे. दक्षिणायन संपताना सूर्य उगवला की त्या फटीतून किरण शिरतो आणि जवळपास १७ मिनिटे आतली खोली उजळते. १९६७ च्या २१ डिसेंबरला पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली एकटे आत बसून वाट पाहत होते, त्यांनी ते पाहिले. हल्ली आत बसायला सोडत निघते. नंबर लागूनही ढग आले तर अंधार बघून परतावे.

ही वास्तू बोअनचेच घर. एका कथेत इथे तिच्या नवऱ्याचे नाव एल्कमार होते, घाबरू नये. दाग्दा या देवाने त्याला कामाला धाडले आणि वाटेत त्याच्यासाठी रात्रीचा अंधारच हटवला. नऊ महिने एका दिवसासारखे गेले, तेवढ्यात इकडे बोअन आणि दाग्दाचा मुलगा एंगस जन्मला. आकाशाशी इतकी सलगी करणारी कथा मिळाली, तर तिच्यात रात्रच रद्द!

पुढे एंगसने हे घर ‘दिवस आणि रात्र’ एवढ्यापुरते मागून घेतले. मुदत संपल्यावर म्हणाला, सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर असतो. घर त्यालाच राहिले. म्हणून त्या भागात खोली भाड्याने देणार असाल तर अकरा महिन्यांचाच करार करावा, आणि तोही अंकी व अक्षरी.